परसातल्या तळ्यात बेडूक यावेत म्हणून काय काय करावं लागतं?

आमराई
नमस्कार मंडळी. जागा पुण्याच्या पूर्वेला, पाऊस बेताचाच. घरामागे ३० बाय २० फूट परस, जमीन मुरमाड, तीन बाजूंनी पक्की कंपाउंड वॉल. एक तृतीयांश भागात पेव्हर ब्लॉक, बाकी मोकळी माती, एक आंबा आणि नळाच्या सांडपाण्यावर पोसलेला अळू. मोकळ्या भागात ८ बाय ५ फुटांचं, २ फूट खोल तळं करायचं ठरतंय. मासे नकोत, कारंजं नको. बेडूक आणि भेक (खरखरीत कातडीचे टोड) यावेत एवढाच हेतू.

लायनर (खड्ड्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद) टाकावा की सिमेंट? खोली बरोबर आहे का? जवळच्या डबक्यातले बेडूकमासे आणून सोडले तर चालतं का? आणि डासांचं काय करायचं? शेजारी आत्तापासूनच धास्तावले आहेत. मे संपायच्या आत खोदकाम उरकायचं आहे.

सव्वाशेर
धाग्याला पहिलं डराँव माझं. जाणकार येतीलच.

मुरूमखडी
आधी खोलीबद्दल. बेडकांसाठी २ फूट लागत नाहीत. सगळ्यात खोल जागा सव्वा ते दीड फूट पुरे, तीही एका टोकाला. महत्त्वाचा आहे तो उतार. ८ फुटांच्या लांबीत एका बाजूने निदान ४-५ फूट हळूहळू खोल होत जाणारा काठ हवा, म्हणजे साधारण चार फुटांना एक फूट. काठावरचं ३-४ इंच पाणी ही खरी कामाची जागा. तिथे पाणी लवकर कोमट होतं, शेवाळ धरतं, अंडी बहुतेक तिथेच घातली जातात आणि बेडूकमासे तिथेच चरतात. चारही बाजूंनी सरळ भिंती असलेली टाकी म्हणजे सापळा. शेपूट गळत आलेल्या पिल्लांना बाहेर पडता आलं नाही तर ती बुडून मरतात. बेडूक पाण्यात बुडत नाही हा समज चुकीचा आहे.

लायनर शेततळ्याचाच घ्या, ५०० मायक्रॉन एचडीपीई, कृषी सेवा केंद्रात मिळतो. माप असं काढा: लांबी + खोलीची दुप्पट + दोन्ही काठांना एकेक फूट. तुमच्या दीड फूट खोलीला ८+३+२ = १३ फूट आणि ५+३+२ = १० फूट. एकसंध तुकडा मागा, जोड नको. हा कागद ताठ असतो, त्यामुळे खड्ड्याचे कोपरे गोलसर ठेवा. चौकोनी कोपऱ्यात घड्या पडतात आणि चीर तिथूनच जाते.

मुरमातले टोकदार खडे हाताने वेचा, मग २ इंच चाळलेली वाळू किंवा माती, त्यावर जुनी सतरंजी नाहीतर जुने फ्लेक्स दोन थर. त्यावर लायनर. निवडणुकीनंतर फ्लेक्सला तोटा नसतो, आणि उमेदवाराचा पाण्याखाली काही उपयोग झाला तर तेवढाच.

सव्वाशेर
उमेदवार तोंड वर करून अंथरायचा की खाली?

मुरूमखडी
खाली. वर केलात तर आश्वासनं देत बसेल.

एक राहिलं. लायनर गुळगुळीत असतो, ओला झाला की पिल्लांना धरच मिळत नाही. उताराच्या पूर्ण पट्ट्यावर काथ्याची चटई अंथरा आणि तिच्यावर नदीचे गोटे रचून दाबून टाका. काठाचा उघडा लायनर उन्हाने कडक होऊन तडकतो, तोही माती-दगडाने झाका. तळाशी दोन इंच धुतलेली खडी. बागेची खतावलेली माती तळ्यात घालू नका, महिन्याभरात पाणी हिरवं गच्च होतं.

जांभा
कोकणात लायनरपेक्षा सिमेंटची टाकी जास्त दिसते, कारण घुशी लायनर कुरतडतात. पण नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि पाण्याचा पीएच ९ च्या वर जातो. अशा पाण्यात अंडी टिकत नाहीत. टाकी भरा, चार-पाच दिवस ठेवा, तळ खराट्याने घासून पाणी काढा. असं तीन-चार वेळा. शेवटी मत्स्यालयाच्या दुकानातल्या पीएच पट्टीने तपासा, ८ च्या आसपास आलं की सोडा. आधीच सरळ भिंतींची टाकी असेल तर आत एका कोपऱ्यात विटांच्या पायऱ्या रचा, शेवटची वीट पाण्याच्या वर येईल अशी. तेवढ्याने पिल्लं बाहेर पडतात.

नळाचं पाणी भरलं तर दोन दिवस उघडं राहू द्या, क्लोरीन उडून जातं. पावसाचं पन्हळीचं पाणी सर्वांत चांगलं, फक्त पहिल्या दोन सरींचं छतावरचं घाण पाणी बाहेर सोडा.

तळ्यात_मळ्यात
वरचं सगळं बरोबर, पण मूळ विचारालाच माझा विरोध आहे. बारमाही तळं हवंच कशाला?

आपल्याकडचे बरेचसे बेडूक पावसाळी डबक्यात वीण करणारे आहेत. पिवळाधमक होऊन ओरडणारा मोठा बुलफ्रॉग घ्या, दोन-अडीच सेंटिमीटरचा चिमुकला मायक्रोहायला घ्या, जमिनीत पुरून घेणारा बिळवासी बेडूक घ्या. हे सगळे डबकं शोधतात, तळं नाही. कारण सोपं आहे: जे पाणी उन्हाळ्यात आटतं तिथे मासे नसतात आणि चतुराच्या मोठ्या अळ्याही नसतात, म्हणजे अंडी-पिल्लं खाणारं कमी. आंबोलीचा भेक, ज्याचं शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झालं, तो तर जांभ्याच्या कातळावरच्या उथळ खळग्यात अंडी घालतो. कसलं लायनर आणि कसली खोली.

म्हणून माझा सल्ला: एक फूट खोल, पसरट डबकं करा. जूनमध्ये पावसाने भरू द्या, नोव्हेंबरनंतर आटू द्या, एप्रिलमध्ये कोरडं करून गाळ काढा. डास नाहीत, पाण्याची नासाडी नाही, शेजारीही खूश.

मुरूमखडी
सिंधुदुर्गात चालेल. पुण्याच्या पूर्वेला जुलैच्या शेवटी पाऊस दोन-तीन आठवडे दडी मारतो, तेव्हा एक फुटाचं पसरट डबकं बेडूकमाशांसकट वाळतं. भेकाची पिल्लं चार-सहा आठवड्यांत बाहेर पडतात, मायक्रोहायला त्याहून लवकर, पण झाडबेडकाला दोन महिन्यांच्या आसपास पाणी लागतं. तेवढे दिवस पाण्याची खात्री हवी.

तळ्यात_मळ्यात
मान्य. खंड पडला तर बादलीने भर घाला. पण थेट नळाखाली नको, दोन दिवस ठेवलेलं पाणी, आणि एका वेळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त नाही.

लालमाती
दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या बेडकांबद्दल बोलताय. पाण्यावर टप्पे घेत पळणारा बेडूक, जो विहिरीत आणि खाणीत वर्षभर दिसतो, तो बारमाही पाण्याशिवाय राहणारच नाही. नव्या तळ्यात बहुधा पहिला तोच येतो. बाकीच्यांना डबकं लागतं. ३० बाय २० च्या परसात दोन्ही बसतं: एक दीड फुटाचं लायनरचं तळं आणि त्यापासून पाच-सहा फुटांवर नुसता ६ इंच खोल, ४ फूट व्यासाचा खळगा, जिथे पन्हळीचं पाणी उतरेल. मुरमात पाणी थांबत नाही, म्हणून खळग्यात काळी माती ओली करून पायाने तुडवून चार इंचांचा थर द्या. वाळताना भेगा पडतात, पण पहिल्या जोराच्या पावसात मिटतात.

आणि कोणीच बोललं नाही ते: कंपाउंड वॉल. तीन बाजूंनी पक्की भिंत असेल तर बेडूक येणार कुठून? भेक उडी मारून पाच फुटांची भिंत ओलांडत नाही. जमिनीलगत ४ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे भिंतीतून आरपार बसवा, प्रत्येक बाजूला निदान एक. शक्यतो ज्या बाजूला ओढा, शेत किंवा मोकळा प्लॉट आहे त्या बाजूला दोन. गेटखाली दोन इंच फट असेल तर तीही चालते.

आमराई
पूर्वेला मोकळा प्लॉट आहे, त्यापलीकडे नाला. पाइपमधून घुशी आणि साप येणार नाहीत का?

पाणदिवड
साप हा प्रश्न या धाग्यावर येणार होताच, माझं नावच तसं.

तळं असेल आणि बेडूक असतील तर पाणदिवड येऊ शकते. ती बिनविषारी आहे, हात घातला तर कडाडून चावते, पण बेडूक आणि मासे यापलीकडे तिला रस नाही. नाग-घोणस परसात येतात ते मुख्यतः उंदीर-घुशींमागे, आणि उंदीर येतात ते उघड्या कचऱ्यामागे. म्हणजे तळं न करता कचरा उघडा ठेवलात तर साप जास्त येतील.

काळजी एवढीच: दगडांचा आणि लाकडांचा ढीग घराच्या भिंतीपासून निदान १०-१२ फूट लांब. घर आणि तळं यांच्यामध्ये तीन फुटांचा पट्टा कापलेल्या गवताचा, पायाखालचं दिसेल असा. मागच्या दाराखालची फट बंद. रात्री तळ्यावर जाताना बॅटरी आणि बूट.

सोसायटी_सेक्रेटरी
मुद्द्याचं बोला. डास. महापालिकेचे लोक येतात, साचलेलं पाणी दिसलं की नोटीस देतात. गप्पी मासे फुकट देतात, ते सोडले की प्रश्न मिटला. कशाला एवढा उपद्व्याप?

तळ्यात_मळ्यात
गप्पी सोडले की डासांचा प्रश्न मिटतो, आणि बेडकांचाही. गप्पी आणि डासांसाठीच सोडतात ते गॅम्बुशिया मासे अंडी खातात, लहान बेडूकमाशांच्या शेपट्या कुरतडतात. मासे असलेल्या पाण्यात टिकतात ती प्रामुख्याने भेकाची काळी पिल्लं, कारण ती चवीला वाईट असतात.

अळूवडी
कोणी खाऊन बघितली?

तळ्यात_मळ्यात
माशांनी. आणि थुंकून टाकली.

लालमाती
सेक्रेटरी, प्रश्न रास्त आहे. डेंग्यूचा एडिस डास मोठ्या, जिवंत तळ्यापेक्षा कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, टायर, गच्चीवरचा डबा इथे जास्त होतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी राहून महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं. तळ्यात चतुर-टाचण्यांच्या अळ्या आणि उलटे पोहणारे पाणकिडे आले की तेच डासांच्या अळ्या संपवतात. हे किडे उडत येतात, आणावे लागत नाहीत.

पण नवं तळं पहिले काही आठवडे रिकामं असतं आणि डास सगळ्यांच्या आधी पोचतात. त्या काळात बीटीआय वापरा. ही जिवाणूजन्य पावडर किंवा द्रावण असतं, डासांच्या अळ्यांनी खाल्लं की त्यांचं आतडं निकामी होतं. मात्रा पाकिटावर पाण्याच्या पृष्ठभागानुसार लिहिलेली असते, अंदाजाने मूठ टाकू नका. कोषावर ते चालत नाही, कारण कोष काही खातच नाही. म्हणून अळ्या बारीक असताना टाका आणि दर आठ-दहा दिवसांनी पाहून गरज असेल तरच पुन्हा. टेमेफॉस हे रासायनिक अळीनाशक मात्र टाकू देऊ नका, ते बाकीच्या पाणकिड्यांनाही मारतं, आणि मग डास परत येतात तेव्हा त्यांना खायला कोणी उरत नाही.

बेडूकमासे डास खातात हा समजही सोडा. बहुतेक बेडूकमासे शेवाळ खरवडतात. अपवाद बुलफ्रॉगचा, त्याची पिल्लं मांसाहारी असतात, पण ती इतर बेडकांची पिल्लंही तितक्याच आवडीने खातात.

सोसायटी_सेक्रेटरी
बीटीआयचं बघतो. आमच्या मीटिंगमध्ये एवढं कोणी सांगितलं नव्हतं.

सव्वाशेर
सेक्रेटरी पटले. स्क्रीनशॉट काढून ठेवा कोणीतरी.

अळूवडी
झाडांबद्दल लिहिते. पाण्याचा अर्धा ते दोन तृतीयांश पृष्ठभाग झाकलेला हवा, नाहीतर पुण्याच्या मे महिन्यात पाणी उकळतं आणि शेवाळ माजतं.

काठावर: अळू आहेच, तो तळ्याकडे ओढून घ्या. वेखंड, वाळा, ब्राह्मी. ब्राह्मी काठावरून पाण्यात उतरते आणि पिल्लांना चढायला तीच शिडी होते. पाण्यात: एक कुमुद, ८-१० इंची कुंडीत, वरून खडी घालून. या आकाराला एकच पुरे, दोन लावलीत तर सगळं तळं पानांखाली जातं. पाण्याखाली हायड्रिला किंवा वॅलिस्नेरिया, मूठभर. हायड्रिला वाढला की काढायचा, पण काढलेला गोळा रात्रभर काठावरच ठेवा, म्हणजे त्यात अडकलेले जीव परत पाण्यात जातात.

लावू नये ते: जलपर्णी. फुलं सुंदर आणि परिणाम मुळा-मुठेत दिसतोच. पाणकणीसही नको, त्याची टोकदार मुळं लायनर भोसकतात.

आणि आंबा! तळं आंब्याखाली करू नका. पानं आणि मोहोर पडून तळ कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो. झाडाच्या पूर्वेला करा, म्हणजे सकाळी ऊन आणि दुपारनंतर सावली. रोज चार-पाच तास ऊन पुरे.

जांभा
सह्याद्रीच्या बाजूला घर असेल तर उलट करा. पाण्यावर फांद्या झुकलेल्या हव्यात. मलबार तरंगबेडूक पाण्यावरच्या पानांवर फेसाचं घरटं करतो, पिल्लं फेसातून थेट पाण्यात पडतात. पुण्याकडे जो साधा झाडबेडूक बाथरूममध्ये शिरतो, तोही फेसच करतो, टाकीच्या भिंतीवर किंवा काठच्या झुडपावर. हा पांढरट गोळा साबणाचा फेस समजून लोक पाइपने धुऊन टाकतात. तो तीन-चार दिवस तिथेच राहू द्या.

लालमाती
अंड्यांवरून कोण आलं ते कळतं. जेलीच्या लांब दोऱ्यांत ओळीने काळी अंडी असली तर भेक. पाण्यावर पातळ पापुद्र्यासारखी पसरली असली तर मायक्रोहायला किंवा बुलफ्रॉग. भिंतीवर फेस म्हणजे झाडबेडूक. भेकाची पिल्लं काळी आणि झुंडीने फिरणारी, मायक्रोहायलाची जवळजवळ पारदर्शक, पृष्ठभागाखाली स्थिर लटकलेली. भेकाने हजारो अंडी घातली म्हणून घाबरू नका, त्यातली फार थोडी मोठी होतात. पोळी, भात, बिस्कीट घालू नका. पाणी नासतं आणि सगळी मरतात.

ब्रिस्बेनकर
आमच्याकडे प्रश्न नेमका उलटा. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये १९३५ मध्ये उसावरची कीड खायला केन टोड, म्हणजे परदेशी भेक, आणले, कीड तशीच राहिली आणि टोड सगळीकडे पसरले. म्हणून इथे तळ्याभोवती दाट झाडोरा आणि अर्धा मीटर उंच कुंपण सुचवतात: देशी झाडबेडूक चढून येतात, टोड येऊ शकत नाही. जेलीची दोरी दिसली की काढून टाकायची. तुमच्याकडे ती दोरी देशी भेकाची असते, ती काढू नका. परदेशी व्हिडिओ पाहून तळं करणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. इंग्लंडचे तर निम्मे व्हिडिओ तळ्यावर बर्फ धरला तर काय करायचं यावर असतात.

सव्वाशेर
पुण्यात बर्फ गोळेवाल्याकडे. पुढे?

मुरूमखडी
पुढे जमीन. बेडूक आयुष्यातला बराच काळ पाण्याबाहेर काढतात, आणि बहुतेक जण तिथेच हात आखडता घेतात. तळ्यापासून दोन-तीन फुटांवर दगडांचा ढीग, मध्ये दोन-तीन इंचांच्या फटी राहतील असा. फुटकी मडकी आडवी करून अर्धी मातीत गाडा, तोंड सावलीकडे, तळाशी ओली माती. पालापाचोळा जाळू नका, झाडोऱ्याखाली तीन-चार इंच पसरा. मार्च ते मे त्यावर संध्याकाळी एक झारी पाणी. पेव्हर ब्लॉक जमलं तर थोडे काढाच, बिळवासी बेडकाला पुरून घ्यायला मऊ माती लागते. त्या भागात उन्हाळ्यात कुदळ मारू नका, तो खाली झोपलेला असतो.

उन्हाळ्यात तळ्यातून रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं. तुमच्या आकाराला दिवसाला दीड-दोन बादल्या.

तळ्यात_मळ्यात
फवारणी बंद हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. बेडूक त्वचेतून पाणी घेतो, म्हणजे पानावर मारलेलं औषधही त्वचेतूनच आत जातं. ग्लायफोसेटच्या तणनाशकात पान ओलं करणारा जो पदार्थ असतो तो बेडूकमाशांना फार घातक. जुन्या डब्यात उरलेलं थिमेट हे कीटकनाशक असेल तर ते वापरू नका, त्यावर बंदी आहे. युरियाही तळ्याच्या चार-पाच फुटांत नको. धूरफवारणीची गाडी आली तर परसात शिरू देऊ नका.

पाणदिवड
कुत्रा असेल तर लक्षात ठेवा: भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतून विष येतं. कुत्र्याने तोंडात धरला तर फेस येतो, हिरड्या लाल होतात. तोंड खाली झुकवून बाजूने पाणी मारून धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि पशुवैद्याकडे न्या. माणसाला हात लावून काही होत नाही, चामखीळही येत नाही. हात धुवा म्हणजे झालं.

आमराई
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नातला एक राहिला: बेडूकमासे आणून सोडायचे का?

लालमाती
नाही. बेडकांना रोग देणारी काइट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे, ती पाणी, चिखल आणि बेडूक यांच्याबरोबर फिरते. दुसऱ्या डबक्यातली बादलीभर झाडंसुद्धा नीट धुऊनच आणा. शिवाय मोठे बेडूक उचलून आणले तर ते राहत नाहीत, आपल्या जागेकडे निघतात आणि रस्त्यावर चिरडले जातात. पकडण्याला वन्यजीव कायदाही आड येतो. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, तरी गोव्यात पावसाळ्यात चोरून बेडूक धरतात आणि वनखात्याला गस्त घालावी लागते.

नाला जवळ आहे, भिंतीला पाइप बसवताय, मासे नाहीत. एवढं असेल तर येतात. पहिल्या जूनमध्ये भेक, मग टप्पे घेणारा बेडूक, बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात. आले नाहीत तर आधी भिंतीतले पाइप पालापाचोळ्याने बुजलेत का ते बघा. मग रात्रभर जळणारा दिवा. दाराजवळचा मंद पिवळा बल्ब भेकाला किडे पुरवतो, पण तळ्यावर थेट फ्लडलाइट असेल तर नर ओरडायला बसत नाहीत.

सोसायटी_सेक्रेटरी
ओरडण्याचंच विचारतो. किती दिवस चालतं? रात्री झोप?

तळ्यात_मळ्यात
बुलफ्रॉग पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-चार रात्री, मग गप्प. मायक्रोहायला जास्त दिवस, आणि आकाराच्या मानाने आवाज फारच मोठा. तळं शयनगृहाच्या खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात घ्या, एवढाच उपाय.

मुरूमखडी
आमराई, खोदायला घेताय तर ओव्हरफ्लो आत्ताच ठरवा. काठाच्या दोन इंच खाली २ इंची पाइप, पाण्याचा निचरा अळूकडे किंवा त्या मातीच्या खळग्यात. पाइपच्या तोंडावर नुसती जाळी बांधलीत तर एका पावसात पानांनी बुजते आणि पाणी काठावरून अंड्यांसकट वाहून जातं. त्याऐवजी छिद्रांची प्लास्टिकची टोपली घ्या, बाहेरून नायलॉनची मच्छरजाळी गुंडाळा आणि ती पाइपच्या तोंडावर उपडी घट्ट बसवा. पृष्ठभाग मोठा झाला की ओढ कमी होते, अंडी जाळीला चिकटत नाहीत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हाताने पानं काढा, आधी उलटून बघा, कारण खाली कोणीतरी बसलेलं असतं.